शिंप्याच्या बोक्याची शुगर

मी एक तेरा वर्षांचा पिवळा बोका आहे, आणि मित्रांनो, माझ्या कानांच्या कडांना आजवर दोनशेहून जास्त वेळा सुई टोचलेली आहे! घाबरू नका. मी रडगाणे गायला बसलेलो नाही. उलट ही गोष्ट सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे की मघापासून माझी शेपटी एका जागी ठरत नाही. ऐका तर.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्यात झाला. माझी आई भटकी मांजर होती. आम्हा तीन पिल्लांपैकी दोघांना तिने एकेक करून दुसरीकडे हलवले आणि तिसऱ्या खेपेला ती आलीच नाही. त्या दिवशी एका कोटाचे बटण घरंगळत पोत्यात गेले. ते शोधायला मास्तरांनी आत हात घातला आणि हाताला लागलो मी! "हे बटण तर ओरडतंय," असे म्हणून त्यांनी मला खिशात घातले. तेव्हापासून माझे नाव बटण पडले. लाडात आले की मास्तर मला बटण्या म्हणतात.

मास्तर म्हणजे आमचे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यांची बायको फार पूर्वीच वारली होती. मास्तरांचा हात असा बसलेला की, नुसती नजर टाकून खांद्याचे माप सांगत. मीही काही फुकटचे खाल्ले नाही. कापडाच्या ठाणांना उंदरांची फार भीती असते. माझ्या अमदानीत एका ठाणाला भोक पडले असेल तर शपथ! गिऱ्हाइके म्हणायची, "शिलाई मास्तरांची आणि राखण बटणाची." हे ऐकले की मी टेबलावर एका उडीत चढून, पंजे पोटाखाली घेऊन, दुकानाचा मालक असल्यासारखा बसत असे.

मग मास्तरांच्या थोरल्या बहीण, अक्का, आमच्याकडे राहायला आल्या. अक्कांनी छत्तीस वर्षे टेलिफोनच्या ऑफिसात काम केले होते. कानाला यंत्र लावून, तारा जोडून, साऱ्या गावाला एकमेकांशी बोलायला लावण्याचे काम. आणि काय सांगू, निवृत्त होऊन घरी आल्यावर ह्याच अक्कांनी सख्ख्या भावाशी बोलणे टाकले!

त्याचे निमित्त मीच होतो. मास्तरांच्या आईची एक जुनी लोकरी शाल होती. एका थंडीत मास्तरांनी ती ट्रंकेतून काढली, कात्री चालवली आणि माझ्यासाठी गादी शिवली. गादी झाली झकास. पण अक्कांनी ती पाहिली, त्यांचा चेहरा पडला, आणि त्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला. एक दोन दिवस नव्हे, मित्रांनो, तेरा महिने!

आता दोन माणसे एका घरात राहायची म्हटल्यावर काही ना काही बोलावे लागतेच. ते सारे माझ्यामार्फत चाले. "बटणराव, सांगा तुमच्या मालकांना, दूध उतू गेलंय." लगेच मास्तर म्हणत, "बटण्या, सांग तुझ्या आत्याला, नाक आहे आम्हाला, वास आला." मी एकदा इकडे बघायचो, एकदा तिकडे. मानेचा चांगला व्यायाम होई.

पण खरी चैन होती खाण्याची. अबोला असल्यामुळे मला खायला दिले की नाही हे कोणी कोणाला विचारत नसे. सकाळी मास्तर दुकानात एक वाटी भरत. मी ती चाटूनपुसून स्वयंपाकघरात जाई आणि अक्कांच्या पायाशी असा केविलवाणा ओरडे की जणू तीन दिवसांचा उपाशी. "आई गं, लेकराला खायलासुद्धा देत नाहीत," असे म्हणून अक्का दुसरी वाटी भरत. संध्याकाळी पुन्हा तेच. आम्हा मांजरांचा हा गुण म्हणा की अवगुण म्हणा, कोणी दिले नाही तर आम्ही घर डोक्यावर घेतो, पण दोघांनी दिले तर मूग गिळून बसतो. मी बसलो. मी फुगलो. माझे पोट जमिनीला टेकू लागले आणि उंदीर माझ्यासमोरून सावकाश चालत जाऊ लागले.

आणि मग एकाएकी सगळे उलटे होऊ लागले. चार चार वाट्या खाऊनही खाल्लेले अंगी लागेना. पाठीचे मणके हाताला लागू लागले. तहान तर अशी की माझे भांडे संपवून मी फरशी पुसायच्या बादलीत तोंड घाली. मास्तर इस्त्री करताना कपड्यांवर शिंपडायला वाटीत पाणी ठेवत, ते मी पिऊन टाकी. जेवढे पाणी पोटात जाई तेवढेच बाहेर येई, त्यामुळे माझ्या वाळूच्या ट्रेचा चिखल होई. सगळ्यात वाईट म्हणजे माझे मागचे पाय. मांजर कसे चवड्यांवर चालते. मी टाचा टेकून, थकलेल्या म्हाताऱ्यासारखा चालू लागलो. एके सकाळी मी टेबलावर उडी मारायला गेलो आणि निम्म्यातूनच खाली आपटलो. एवढ्या वर्षांत कधी असे झाले नव्हते. मास्तरांच्या हातातली कात्री तशीच राहिली. दाराशी अक्का उभ्या होत्या. दोघांनी मला पडताना पाहिले, आणि दोघे एकमेकांकडे मात्र पाहू शकले नाहीत.

त्याच दिवशी माझी वरात निघाली. पुढे टोपली घेतलेले मास्तर, आणि दहा पावले मागे, आपला यांचा काही संबंध नाही अशा थाटात, अक्का.

प्राण्यांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि भराभर बोलत. त्यांनी मला वजनाच्या टेबलावर ठेवले, पोट दाबले, रक्त आणि लघवी तपासली आणि म्हणाल्या, "याला मधुमेह आहे. शुगर चारशे तीस."

"मांजराला? शुगर?" दोघे एकदम ओरडले. "अहो, आम्ही त्याला गोडाचा कणसुद्धा देत नाही!"

मित्रांनो, यातली गंमत सांगतो. आम्हा मांजरांना गोड चव कळतच नाही. आयुष्यात ज्याची चव घेतली नाही, त्याच्या नावाचा रोग मला झाला!

"खातो किती?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी," मास्तर म्हणाले.

"सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी," अक्काही म्हणाल्या.

दोघांचे उत्तर सारखेच आले म्हणून डॉक्टरबाईंनी खुशाल लिहून घेतले, दिवसाला दोन वाट्या. त्या वाट्या वेगवेगळ्या आहेत हे फक्त मला माहीत होते, आणि मी टोपलीत तोंड घालून बसलो होतो.

मग डॉक्टरबाईंनी फ्रिजमधून एक छोटीशी बाटली काढली. "हे इन्सुलिन. रोज दोनदा, बारा तासांच्या अंतराने, तुम्ही घरीच द्यायचं. आधी खाणं, मग इंजेक्शन. खाल्लं नाही तर मला फोन. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. खळखळून हलवायची नाही, तळहातात हलकेच फिरवायची. ह्याच बाटलीच्या सुया वापरायच्या, दुसऱ्या चालणार नाहीत, मापं वेगळी असतात. आणि गेलं की नाही अशी शंका आली, तरी पुन्हा द्यायचं नाही. एक डोस चुकला तर बिघडत नाही. पण साखर एकदम खाली गेली तर जीवाशी गाठ आहे. समजलं?"

दोघांनी माना डोलावल्या.

"एकाने धरायचं, एकाने टोचायचं. दोघं आहात घरात, मग काय, सोपं आहे!" डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. त्यावर मास्तरांनी छताकडे पाहिले आणि अक्कांनी फरशीकडे.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरात जो काही थरार झाला, तो काय वर्णावा! मास्तर दुपारभर सुईत पाणी भरून पिना टोचायच्या गादीवर सराव करत होते. अक्कांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरले. मास्तरांनी सुई उचलली. चाळीस वर्षे सुईवर पोट भरलेला तो माणूस, आणि त्याचा हात पानासारखा थरथरत होता!

"बटण्या," ते म्हणाले, "आजवर सुईखाली कापड होतं रे. जीव नव्हता."

"बटणराव, त्यांना सांगा, डोळे उघडे ठेवून टोचा," अक्का म्हणाल्या.

मास्तरांनी टोचले. सुई माझ्या कातडीच्या घडीतून आरपार गेली आणि औषध पलीकडच्या केसांवर उडाले. दवाखान्यासारखा वास घरभर सुटला. मास्तर दुसरी सुई भरायला वळले, पण अक्कांनी बाटलीवर हात ठेवला. शंका आली तरी पुन्हा द्यायचे नाही! त्या रात्री माझे औषध केसांनाच मिळाले.

दुसऱ्या सकाळी मात्र एक गोष्ट घडली. मास्तरांनी माझ्या कुशीवरची सैल कातडी दोन बोटांत उचलली आणि ते थबकले. त्यांनी ती सोडली, पुन्हा उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "अरे, ही तर चूण आहे!" ते मोठ्याने म्हणाले. "नुसती चूण! हजारो घातल्या आहेत मी!" बस्स. हाताची थरथर गेली. चुणीच्या पायथ्याशी त्यांनी कच्चा टाका घालावा तशी अलगद सुई घातली, दट्ट्या दाबला, सुई काढली. मला कळलेसुद्धा नाही! मी जेवतच होतो.

अक्कांनी कानाचे काम घेतले. माझा कान कोमट फडक्याने शेकायचा, कडेला टोचायचे, आणि थेंबभर रक्त छोट्या यंत्राच्या पट्टीला लावायचे की आकडा येतो. टेलिफोनच्या बारीक तारा हाताळलेली त्यांची बोटे! पहिल्याच दिवशी त्यांनी ते काम असे केले की मी कान झटकेपर्यंत आकडा आलासुद्धा. तीनशे नव्वद. तीनशे साठ. तीनशे पाच! आकडा उतरला की मास्तर शीळ घालत. अक्का हसू लपवायला फ्रिजमध्ये डोके घालत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आमच्या घरात दिवसातून दोनदा सगळ्यांचे श्वास एकदम थांबत आणि एकदम सुटत.

पण आकडा तीनशेच्या खाली काही येईना. डॉक्टरबाई चकित झाल्या. इन्सुलिनच्या एका युनिटवरून त्यांनी दोन केले, दोनावरून तीन. "दिवसाला दोनच वाट्या ना?" त्यांनी फोनवर विचारले. "दोनच," अक्का म्हणाल्या. आणि दुकानात मास्तरांनी माझी वाटी भरलेली होती. मी गप्प राहिलो, मित्रांनो. माझी चूक मी कबूल करतो.

आणखी एक चूक घरात वाढत होती. मास्तर प्रत्येक इंजेक्शननंतर बेतायच्या टेबलाच्या कडेला शिंप्याच्या खडूने एक रेघ ओढत. अक्का आपल्या वहीत वेळ आणि आकडा लिहीत. खडूची रेघ अक्का पाहत नसत आणि वही मास्तर उघडत नसत. दोघे एका वेळी हजर होते तोवर सारे ठीक होते.

मग आली बँडच्या कोटांची ऑर्डर. एका शाळेच्या बँडपथकाचे चाळीस लाल कोट, पितळी बटणांचे. मास्तर पहाटेपासून मशीनवर बसू लागले. एके दिवशी त्यांना वाटले, सातपर्यंत थांबलो तर हात थांबतो, आणि आता आपल्याला एकट्यालाही जमते. साडेसहाला त्यांनी माझी वाटी भरली आणि मी खात असताना तीन युनिट दिले. कडेला रेघ ओढली. मशीन पुन्हा खडखडू लागले.

सातला अक्का आल्या. मास्तरांची पाठ त्यांच्याकडे होती. क्षणभर त्या दाराशी थांबल्या. विचारायला तोंड उघडले असेलही, पण विचारायचे कोणाला? मशीनच्या आवाजात मलाच उचलून त्यांनी स्वयंपाकघरात नेले. वाटी भरली. मी हावरट, तीही संपवली. मग अक्कांनी स्वतःच सुई भरली, एका हाताने चूण धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीने इंजेक्शन दिले. तीन युनिट! त्यांना इतका आनंद झाला की गाल लाल झाले. "बटणराव, सांगा त्यांना," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "मलाही येतं."

मी कसे सांगणार हो?

अकराच्या सुमारास मी तयार कोटांच्या ढिगावर झोपलो होतो. जाग आली ती भुकेने. अशी भूक मला कधी लागली नव्हती. उठायला गेलो तर पाय माझे ऐकेनात. समोरच्या मशीनची दोन झाली, मग तीन झाली. मी ढिगावरून घसरलो, लाल कोट माझ्या अंगावर पडले आणि माझे पंजे आपोआप झटके देऊ लागले.

मशीन थांबले. आणि मग, मित्रांनो, मी ती हाक ऐकली.

"अक्का! अक्का गं! लवकर ये!"

तेरा महिन्यांनी! अक्का हातातले भांडे टाकून धावत आल्या.

"काय झालं रे?"

"बघ ना, कसं करतोय! सकाळी साडेसहाला तर दिलंय मी इंजेक्शन!"

अक्का जागच्या जागी गोठल्या. "तू दिलंस? अरे, मीही दिलं!"

मास्तर कोट बाजूला सारत नुसतेच "बटण्या, बटण्या" करू लागले. पण अक्का! छत्तीस वर्षे लोकांचे तातडीचे फोन जोडलेल्या बाई त्या. त्यांचा आवाज एकदम सरळ, थंड, स्पष्ट झाला. "यंत्र आण. फ्रिजवर आहे." स्वतः त्यांनी फोन उचलला. "डॉक्टरबाई, बटणाला चुकून दोन डोस गेले. तीन आणि तीन. साडेसहा आणि सात. पडलाय, झटके येताहेत. थांबा, आकडा सांगते." यंत्राने आकडा दाखवला तेव्हा मास्तरांनाच तो मोठ्याने वाचावा लागला. "अडतीस."

"साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागेल. आणि निघा!"

मास्तरांनी साखर विरघळवली आणि दाट पाकासारखे ते पाणी बोटावर घेऊन माझ्या हिरड्यांना चोळू लागले. अक्कांनी माझे डोके तळहातावर तोलले. मला गोड कळत नाही हे मी सांगितलेच, पण त्या दिवशी काहीतरी कळले खरे. अंधारात कोणीतरी दिव्याची वात वर करावी तसे झाले. मशीन तिनाची दोन झाली. दोनाचे एक झाले.

"बघतोय! अक्का, माझ्याकडे बघतोय!"

"बोलू नकोस, चोळत राहा!"

चाळीस कोट तसेच टाकून, दुकानाचे दार उघडेच ठेवून ते धावत सुटले. अक्कांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात मास्तरांची. कोपऱ्यावर भाड्याची गाडी मिळाली. मास्तर ड्रायव्हरला "जरा जोरात" म्हणत होते आणि अक्का "जरा हळू, त्याला धक्के बसतात" म्हणत होत्या. शेवटी ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आधी तुम्ही दोघं ठरवा हो, मग मी चालवतो!"

डॉक्टरबाईंनी माझ्या पायाला सलाइन लावले. दर अर्ध्या तासाला आकडा. पंचावन्न. एकोणसाठ. पुन्हा पन्नास! मग बाहत्तर. संध्याकाळपर्यंत मला तिथेच ठेवायचे ठरले. दार अर्धवट उघडे होते आणि बाहेरच्या बाकावर ते दोघे बसले होते. बोका आजारी असला तरी त्याचे कान शाबूत असतात.

"माझ्यामुळे झालं," मास्तर म्हणाले.

"दोघांमुळे झालं."

मग मास्तर म्हणाले, "अक्का, त्या शालीला कसर लागली होती गं. ठिकठिकाणी भोकं पडली होती. मला वाटलं, निदान उपयोगी तरी येईल."

"ते मला दिसत नव्हतं होय?"

"मग एवढा राग?"

"शालीचा नव्हता रे." अक्कांचा सरळ आवाज पहिल्यांदा फुटला. "मला विचारलं असतंस, तर कात्री मीच आणून दिली असती. ती माझीही आई होती. तू विचारलं नाहीस."

मास्तरांनी काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. नाक शिंकरल्याचा आवाज तेवढा आला. दोनदा. एक मोठा आणि एक लहान.

त्यानंतर मात्र बांध फुटावा तसे दोघे बोलत सुटले! तेरा महिन्यांचे साठलेले. कोण वारले, कोणाला नातू झाला, खिडकीची कडी कोणी मोडली. आणि त्या ओघात मास्तर म्हणाले, "तरी मी त्याला दोन्ही वेळा पोटभर घालायचो, दुकानात."

"दुकानात? अरे, मी घालायचे की, स्वयंपाकघरात!"

आतून डॉक्टरबाई ताडकन बाहेर आल्या. "काय? चार वाट्या? म्हणून शुगर हलत नव्हती!" त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग तिघेही माझ्याकडे वळून पाहू लागले. मी तात्काळ डोळे मिटले.

संध्याकाळी घरी आलो तर दाराशी बँडचे शिक्षक उभे होते, आमच्या पाठीमागे उघडे दुकान राखत. अक्का त्यांना म्हणाल्या, "परवा मिळतील कोट. मी बसते बटणं लावायला." आणि खरोखरच बसल्या. दोन दिवस दोघे समोरासमोर बसून शिवत होते आणि तोंडांना क्षणाची उसंत नव्हती. तिसऱ्या दिवशी चाळीस मुले पितळी बटणे चमकवत, ढोल वाजवत आमच्या रस्त्याने गेली. आवाजाने मी कपाटाखाली पळालो. पण पळालो, मित्रांनो! माझ्या पायांवर पळालो!

डॉक्टरबाईंनी पुन्हा एका युनिटपासून सुरुवात केली. आता मास्तरांनी एक युक्ती काढली. फ्रिजच्या दारावर त्यांनी दोरा ताणून त्यात चौदा बटणे ओवली. आठवड्याचे चौदा डोस, चौदा बटणे. इंजेक्शन देणाऱ्याने एक बटण डावीकडून उजवीकडे सरकवायचे. अक्कांनी त्यात आपल्या ऑफिसची पद्धत घातली. देणाऱ्याने मोठ्याने म्हणायचे, "दिलं!" आणि दुसऱ्याने घरात कुठेही असला तरी ओरडायचे, "ऐकलं!" वाटी एकच, मापाची. खाणेही डॉक्टरबाईंनी सांगितलेले, मांसाचे. पहिले आठ दिवस मी आकाशपाताळ एक केले. कोणी दाद दिली नाही. दोघे बोलू लागले की मांजराचे काही चालत नाही.

आणि आता ऐका, हा सगळ्यात आनंदाचा भाग! आकडे पायऱ्या उतरू लागले. दोनशे साठ. दोनशे दहा. एकशे सत्तर! महिन्याने माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. दोन महिन्यांनी आकडा एकशे वीसला आला तेव्हा डॉक्टरबाईंनी डोस निम्मा केला. अक्का रोज कान शेकत, मास्तर मान लांबवून यंत्रात बघत आणि आकडा यायच्या आत पैज लागे. एका सोमवारी यंत्रावर ब्याण्णव आला. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "आज संध्याकाळी इंजेक्शन देऊ नका."

"देऊ नका?" अक्कांनी तीनदा विचारले.

"देऊ नका. बघू या."

संध्याकाळचे सात वाजले. मी वाटी संपवली आणि सवयीने कूस पुढे केली. सुई आली नाही. मास्तर नुसतेच माझी चूण बोटांत धरून बसले होते, आणि अक्का त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याण्णव. चौथ्या दिवशी एकशे चार. दोन आठवडे एकही इंजेक्शन नाही, आणि आकडा शंभराच्या आसपास! डॉक्टरबाईंनी मला तपासले आणि म्हणाल्या, "याची शुगर सध्या तरी आपोआप ताब्यात आहे. सगळ्याच मांजरांचं असं होत नाही. हे दुखणं परत येणंही शक्य आहे, तेव्हा डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. पण आज मात्र पेढे वाटल्यासारखं हसा!" मास्तर हसले. अक्का रडल्या. परतताना दोघे शेजारी शेजारी चालत होते आणि टोपलीचा एकेक कान दोघांनी धरला होता. उंचीत फरक असल्यामुळे मी वाटभर एका बाजूला घरंगळत होतो, पण मी तक्रार केली नाही.

मित्रांनो, या गोष्टीला आता दीड वर्ष झाले. मी म्हातारा आहे आणि माझे दुखणे कधी दार ठोठावील ते सांगता येत नाही. म्हणून तुमच्याजवळ एकच मागणे आहे. तुमच्या घरी आमच्यापैकी कोणी असेल, तर त्याच्या पाण्याच्या भांड्याकडे लक्ष द्या. ते एकाएकी भराभर रिकामे होऊ लागले, खाऊनही तो वाळू लागला, चालताना टाचा टेकू लागला, तर "म्हातारा झाला" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे न्या. सुईला भिऊ नका. मास्तरांसारखा थरथरणारा हातही दुसऱ्या दिवशी शिकला. आणि आम्हाला वाटी भरण्याआधी घरातल्या माणसांना विचारा. राग असला तरी विचारा. तुमचे भांडण तुमच्यापाशी राहत नाही हो, ते आमच्या पोटात जाते, कधी वाटीतून, कधी सुईतून. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येते.

आता पुरे करतो. आज आठवड्याच्या तपासणीचा दिवस आहे. स्वयंपाकघरात अक्कांनी फडके कोमट केले आहे, मास्तर म्हणताहेत शंभराच्या आत, अक्का म्हणताहेत एकशे पाच, आणि दोघांचा आवाज चढला आहे. चला, मी कान पुढे करतो.